ठिपके किती, फोटो केवढा



घरात कुणी गेलं की तेराव्याच्या आत भिंतीवर लावायला फोटो हवा असतो. मग शोधाशोध सुरू होते. बाप्यांचा फोटो बहुधा सापडतो. नोकरीचं ओळखपत्र असतं, सोसायटीच्या सभासदत्वाचं पुस्तक असतं. बाईचा सुटा फोटो मात्र नसतो. ती असते कुणाच्या तरी लग्नात, तिसऱ्या रांगेत, पदर सावरताना, निम्मी मांडवाच्या खांबाआड. तो फोटो मोबाइलवर येतो, मुलगा स्टेशनजवळच्या दुकानात जातो आणि सांगतो, "यातला आईचा चेहरा तेवढा मोठा करून द्या, बारा बाय अठरा." दुकानदार म्हणतो, चांगला येणार नाही. मुलगा म्हणतो, करा हो, पैशाचं काही नाही. फ्रेम घरी येते, भिंतीवर लागते, आणि आईच्या डोळ्यांच्या जागी चौकोन चौकोन दिसतात.

पैसे टाकूनही तो चेहरा का येत नाही, हे आज सांगायचंय. गोष्ट जुनी आहे, दीडशे वर्षांपेक्षा जास्त. आणि गंमत अशी की तिचा बराचसा भाग आमच्या ठाकुर्लीवरून जाणाऱ्या लोहमार्गावर, इकडे दादर आणि तिकडे लोणावळा-मळवली यांच्या मधे घडलेला आहे. लोणावळ्याच्या गाड्या आमच्याकडे थांबत नाहीत, पण रूळ तेच.

आधी रांगोळी समजून घेऊ. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. अकरा ठिपके, अकरा ओळी, म्हणजे एकशे एकवीस ठिपके झाले. उदबत्तीने भोकं पाडलेला कागद असेल तर ठिपके जवळ जवळ पडतात, रांगोळी पाटाएवढी होते. तेच एकशे एकवीस ठिपके वीतभर अंतराने टाकले तर रांगोळी अंगणभर होते. रांगोळी मोठी झाली, ठिपके वाढले का? नाही. मधली जागा वाढली. पाटाएवढ्या रांगोळीतलं कमळ कमळासारखं दिसतं, अंगणभर पसरलेल्यात नुसते ठिपके दिसतात. ते कमळ पाहायला गच्चीवर जावं लागतं.

मोबाइलमधला फोटो असाच आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या ठिपक्यांचा असतो. त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. फोटोला स्वतःची अशी इंचातली लांबी-रुंदी नसते, त्याच्याकडे फक्त ठिपक्यांची संख्या असते. तो केवढा छापायचा हे आपण ठरवतो, आणि ते ठरवलं की एका इंचात किती ठिपके बसणार हे ठरतं. त्यालाच छपाईवाले रिझोल्यूशन म्हणतात.

पूर्वी असं नव्हतं. 1 मे 1854 रोजी आगगाडी ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत धावू लागली, म्हणजे आमच्या ठाकुर्लीच्या शिवारातून पहिल्यांदा धूर गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी. नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. त्या काळात फोटो काचेवर उतरत असे. ती काच मसाला लावलेल्या कागदावर ठेवायची आणि उन्हात धरायची, की कागदावर चित्र उमटे. काच जेवढी, फोटो तेवढा. मोठा फोटो हवा तर मोठी काच लागायची, मोठ्या काचेला मोठा कॅमेरा, आणि तो वाहून न्यायला हमाल. मोठेपणाचा खर्च डोळ्यांना दिसत होता, त्यामुळे "चेहरा तेवढा मोठा करा" असं कुणी सहज म्हणत नसे.

पण काचेवरून असे फोटो दहा-वीस निघत. हजारोंनी चित्रं हवी असतील तर छापखाना लागतो, आणि छापखान्यातूनच ठिपका आला.

राजा रविवर्म्यांची लक्ष्मी आणि सरस्वती तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या देवघरात असेल. रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो घाटकोपरला गेला आणि तिथून लोणावळ्याच्या पुढच्या स्टेशनाजवळ, मळवलीला. तिथे चित्र छापत ते दगडावरून. बव्हेरियातून आलेला गुळगुळीत चुनखडीचा दगड, त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं. ओल्या दगडावर शाईचा रूळ फिरवला की शाई तेलकट जागीच धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. लक्ष्मीच्या गालावरची छाया दाखवायला कारागीर हाताने बारीक बारीक ठिपके देई. सावली गडद तिथे ठिपके दाट, उजेड तिथे विरळ. जुनं चित्र हाती लागलं तर भिंगाखाली धरून बघा, ते हातचे ठिपके दिसतील. आपल्या आज्या-पणज्यांनी ज्या देवीला हळदकुंकू वाहिलं, तिचा चेहरा असा ठिपका-ठिपका करून उभा राहिलेला होता.

हाताने ठिपके द्यायला दिवस लागतात. ते काम यंत्राने करायची युक्ती युरोप-अमेरिकेत निघाली. म्युनिकच्या गेओर्ग माइझेनबाख यांनी 1882 साली तिचं पेटंट घेतलं. युक्ती आपल्या भोकाच्या कागदासारखीच. काचेवर बारीक आडव्या-उभ्या रेघा मारून जाळी करायची आणि त्या जाळीतून फोटोचा फोटो घ्यायचा. जिथे सावली तिथे ठिपका जाड पडतो, जिथे उजेड तिथे बारीक. मग तो धातूच्या पत्र्यावर उतरवून तेजाबाने कोरायचा. झाला हाफटोन ब्लॉक. तो अक्षरांच्या खिळ्यांबरोबर बसवून एकदमच छापता येई. वर्तमानपत्रांत आणि मासिकांत फोटो आले ते या ब्लॉकमुळे.

आपल्याकडे हे काम मन लावून शिकलेला एक माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. सिनेमाचे दादासाहेब म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण सिनेमाच्या आधी त्यांचा धंदा ब्लॉक करण्याचा आणि छपाईचा होता. जे. जे. स्कूल आणि बडोद्याचं कलाभवन इथे ते चित्रकला, फोटोग्राफी आणि छपाईच्या प्रक्रिया शिकले. पुरातत्त्व खात्यात काही वर्षं नोकरी केली. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी काम केलं. 1908 च्या सुमारास लोणावळ्यात स्वतःचा एनग्रेव्हिंग आणि प्रिंटिंगचा कारखाना काढला, तो पुढे दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाला. रंगीत छपाईचं तंत्र आणि यंत्रं यांसाठी ते 1909 साली जर्मनीलाही जाऊन आले. तिकडे कलकत्त्यात उपेंद्रकिशोर राय हाफटोनवर प्रयोग करून विलायतेतल्या छपाईच्या वार्षिकात लेख लिहीत होते. सत्यजित राय यांचे ते आजोबा. भारतातल्या सिनेमाची दोन मोठी घराणी, आणि दोन्हींचं मूळ ठिपक्यांच्या छापखान्यात! मला तरी हा योगायोग वाटत नाही. चित्र बारीक कणांचं असतं आणि ते कण नीट पडले तरच चेहरा उमटतो, हे या लोकांच्या बोटांना माहीत होतं.

आता नीट लक्ष द्या, कारण आजच्या हिशोबाचा आकडा इथून निघतो. ब्लॉकची जाळी एका इंचात किती ओळींची, यावर सगळं अवलंबून असे. वर्तमानपत्राचा कागद खरखरीत, शाई पसरते, म्हणून तिथे इंचाला साठ ते पंचाऐंशी ओळींची जाडी जाळी. गुळगुळीत आर्ट पेपरवर दीडशे ओळींपर्यंत जाता येई. म्हणूनच जुन्या वर्तमानपत्रातले फोटो भरड दिसतात आणि मासिकातले मऊ. पुढे संगणकावर छपाईची तयारी होऊ लागली, तेव्हा छपाईच्या दीडशे ओळी नीट भरायच्या तर फोटोत इंचाला त्याच्या दुप्पट ठिपके असावेत, असा ठोकताळा बसला. दीडशे दुणे तीनशे. दुकानदार "तीनशे डीपीआय पाहिजे" म्हणतो ते हेच. आकडा जुन्या छापखान्यातून आला, पण आपल्या डोळ्यांनाही तो जुळतो: एक फुटावर धरलेल्या कागदावर इंचात तीनशेच्या आसपास ठिपके असले की साध्या डोळ्याला ते सुटे दिसत नाहीत, एकसंध वाटतात.

एक फुटावरून, असं मी म्हटलं. दहा फुटांवरून पाहिलं तर इंचाला तीसच ठिपके पुरतात. फाळक्यांच्या "राजा हरिश्चंद्र"ची एकेक चौकट साधारण 24 बाय 18 मिलिमीटर, टपाल तिकिटाएवढी. 3 मे 1913 पासून मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ती भिंतीएवढी होऊन लोकांना दिसली आणि कुणी म्हणालं नाही की चेहरा फुटलाय. प्रेक्षक लांब बसलेले होते. त्या फितीच्या कडेला भोकं पाडण्याचं आणि रसायनं कालवण्याचं काम घरात सरस्वतीबाई फाळके करत. दागिने गहाण टाकले, मुलं सांभाळली, सिनेमाच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला, आणि रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडली. मोजकी माणसं सोडली तर त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेतलं.

फिल्मवरचा फोटो चांदीच्या क्षाराच्या कणांचा असे. इथे एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. ट्रंकेत जुने लहान चौकोनी काळे-पांढरे फोटो असतील, तर ते बहुधा आगफा क्लिक थ्रीसारख्या डबा कॅमेऱ्यातले. एका रोलमधे बारा फोटो निघत आणि निगेटिव्ह सहा सेंटिमीटर लांब, सहा रुंद असे. नंतरच्या छत्तीस फोटोंच्या रोलचं निगेटिव्ह याच्या चौथाईपेक्षाही लहान. त्यामुळे आजीच्या काळचा निगेटिव्ह सापडला, तर त्यातून कधी कधी आईच्या लग्नातल्या रंगीत निगेटिव्हपेक्षा मोठा आणि स्वच्छ फोटो निघतो. निगेटिव्हच्या पट्ट्या "काळ्या फिती" म्हणून केरात टाकू नका. फोटो हरवला तरी चालेल, फीत राहू द्या.

संगणकातला पहिला फोटो 1957 साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी तयार केला. त्यांनी घरातला एक छापील फोटो यंत्राखाली ठेवला, आणि तो होता त्यांच्या तीन महिन्यांच्या बाळाचा. आडवे 176 ठिपके, उभे 176. आजच्या तीनशेच्या हिशोबाने तो दीड सेंटिमीटरचा होईल, कपाळावरच्या मोठ्या टिकलीएवढा. 1975 साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचं वजन साडेतीन किलोच्या वर, एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला तेवीस सेकंद, आणि ठिपके फक्त शंभर गुणिले शंभर. आणि 11 जून 1997 रोजी फिलिप कान यांनी प्रसूतिगृहात कॅमेरा आणि मोबाइल एकमेकांना जोडून नुकत्याच जन्मलेल्या लेकीचा फोटो नातेवाइकांना धाडला. मोबाइलवरून लगेच पाठवलेला पहिला फोटो तो हाच, असं मानतात. 1957 ला बाळ, 1997 ला बाळ. बाळाचा फोटो नातेवाइकांना दाखवायची घाई सगळ्या जगात सारखीच दिसते.

आता आपल्या हातातला मोबाइल. साध्या मोबाइलचा फोटो बारा मेगापिक्सेलचा असतो, म्हणजे आडवे चार हजार आणि उभे तीन हजार ठिपके. खोक्यावर अठ्ठेचाळीस लिहिलेलं असलं तरी बऱ्याच मोबाइलमधे चार-चार ठिपके एकत्र करून नेहमीचा फोटो बाराचाच निघतो. चार हजाराला तीनशेने भागा, तेरा इंच आले. तीन हजाराला भागा, दहा इंच. म्हणजे तेरा बाय दहाचा फोटो एक फुटावरूनही सुरेख दिसेल. भिंतीवरच्या फोटोला इंचाला दीडशे ठिपकेही चालतात, कारण आपण तीन-चार फुटांवरून पाहतो. मग हाच फोटो सव्वीस बाय वीसपर्यंत जाईल.

पण तोच फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवला की लवकर पोचावा म्हणून वाटेत त्याचे ठिपके कमी केले जातात. लांब बाजू साधारण सोळाशेवर येते. सोळाशेला तीनशेने भागलं तर सव्वापाच इंच. मोबाइलच्या काचेवर दोन्ही फोटो सारखेच दिसतात, फरक कळतो तो कागदावर. म्हणून छापायचा फोटो पाठवताना "डॉक्युमेंट" निवडून पाठवा, तो जसाच्या तसा जातो. एचडी म्हणून पर्याय असतो, तो नेहमीपेक्षा बरा. गटाच्या ग्रुपवर फिरून फिरून आलेला फोटो नको. ज्या बाईने काढला तिच्याकडून मूळ फोटो मागा. आणि फोटो काढताना दोन बोटांनी ओढून जवळ घेऊ नका. त्याने कडेचे ठिपके कापले जातात आणि उरलेले ताणले जातात. चार पावलं पुढे चालत जा.

आता तिसऱ्या रांगेतल्या आईचा हिशोब करू. तीस माणसांच्या फोटोत, व्हॉट्सअॅपवरून आलेल्या, एकेका चेहऱ्याच्या वाट्याला पन्नासच्या आसपास ठिपके येतात. बारा इंच रुंद फ्रेममधे चेहरा सहा इंचांचा हवा. पन्नास ठिपके सहा इंचांवर पसरले, म्हणजे इंचाला आठ. प्रत्येक ठिपका तीन मिलिमीटरचा चौकोन, मुगाच्या दाण्याएवढा. भिंतीवर दिसतात ते चौकोन हेच. दुकानदाराचं यंत्र कितीही भारी असो, पन्नास ठिपक्यांत जे नाही ते त्याला आणता येत नाही.

काही अॅप म्हणतात, आम्ही आणून देतो. चेहरा एकदम लख्ख होतो, पापण्याही दिसतात. पण त्या पापण्या आईच्या नव्हेत. अॅपने लाखो चेहरे पाहिलेले असतात, त्यातल्या अंदाजाने ते नवे डोळे बसवतं. कपाळावरचा गोंदणाचा ठिपका डाग समजून पुसून टाकतं. पूर्वीचे स्टुडिओवालेही निगेटिव्हवर पेन्सिल चालवत, फोटो हाताने रंगवत. पण ते विचारत तरी, बाईचा रंग कसा होता, कुंकू केवढं लावायच्या? माझं मत विचाराल तर अॅपचा लख्ख चेहरा लावण्यापेक्षा खरा चेहरा पाच इंचांच्या छोट्या फ्रेममधे लावा, किंवा सगळा ग्रुप फोटो तसाच लावा. मग खांबाआडून डोकावणारी का होईना, ती तीच असेल.

ओळखपत्रावरच्या फोटोचंही तेच. 1993 साली निवडणूक आयोगाने मतदार ओळखपत्राचा आदेश काढला, तेव्हा गावोगावच्या कितीतरी बायका जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर एकट्या बसल्या. आधार कार्डाची सुरुवात तर 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली, आणि देशातलं पहिलं कार्ड एका बाईच्या हातात पडलं. पण हे फोटो अंगठ्याएवढे, ओळख पटवण्यापुरते. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या पासपोर्ट फोटोला तीनशेच्या हिशोबाने 413 बाय 531 ठिपके लागतात, तेवढेच त्या फाइलमधे असतात. तीच फाइल बारा इंच केली तर इंचाला चौतीस उरतात. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर रस्त्यापलीकडून ती चालून जाते, कारण फ्लेक्स लांबूनच बघायचा असतो. तोच फोटो घरात भिंतीवर लावला की जवळून बोचतो.

कागदावरचा पासपोर्ट फोटो हातात असेल तर मात्र आशा आहे. मोबाइलने त्याचा फोटो काढू नका, काचेची चमक येते आणि हात हलतो. स्कॅनर असलेल्या दुकानात जा आणि "सहाशेवर स्कॅन करा" असं सांगा. त्या छोट्या फोटोतून 827 बाय 1063 ठिपके मिळतील, आणि पाच बाय सात इंचांची फ्रेम नीट भरेल. फाइल पेनड्राइव्हवर किंवा ईमेलने घ्या. फ्रेमला चिकटलेला जुना फोटो ओढून काढू नका, तो काचेसकटच स्कॅन करायला द्या.

बचत गटाच्या बैठकीत एक दिवस यासाठी ठेवता येईल. प्रत्येकीने आपली ट्रंक, आपलं पाकीट आणायचं. एका मोबाइलवर, दिवसाउजेडी, ओटीवर बसवून प्रत्येकीचा एक एक सुटा फोटो काढायचा: सासूबाईंचा आधी, मग आपला. बारा मेगापिक्सेल, बोटाने न ओढता, छातीपासून वर, मागे साधी भिंत. तो फोटो गटाच्या वहीबरोबर पेनड्राइव्हवर ठेवायचा. आणि जुने फोटो स्कॅन होऊन परत आले की त्यांच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव आणि गाव लिहायचं. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढे चेहऱ्यावर उमटतो.